मासळीवालीच्या अंगात आली मरीआई

हेदपाड्याची सोनुबाई सुकी मासळी विकायची आणि तिच्याबरोबर गावोगावच्या बातम्या फुकट द्यायची. गिऱ्हाइकांचं म्हणणं असं, की दोन्ही जिन्नस घरी नेऊन नीट निवडून घ्यावे लागतात. सुकटीत वाळू निघायची आणि बातमीत तिखटमीठ. पण दोन्हींवाचून कुणाचं चालायचं नाही, हेही खरं होतं.

आठवड्यातले चार दिवस डोईवर पाटी घेऊन ती खालापूरपासून पळसदरीपर्यंतची गावं पालथी घालायची. कुणाच्या घरात काय चाललंय हे तिला विचारावं लागत नसे. बोंबील घेणारं घर जवळ्यावर आलं की तिथं काहीतरी अडलंय हे तिला कळायचं, आणि जवळा घेणाऱ्या घरानं एकदम महागाचे सोडे मागितले की जावई आलाय हे तिनं कुणी न सांगताच ओळखलेलं असायचं. नवरा केव्हाच वारला होता. पोटी एकच लेक, सुंदरा. ती दोन कोसांवर बोरतळ्याला दिली होती. पहिलटकरीण, नववा लागलेला. बाळंतपणाला माहेरी आणायची, तर सासू म्हणाली, पावसाळ्याची आगोट भरून होऊ दे, मग धाडते. सोनुबाई त्यावरून तिच्याशी चारदा भांडून आली होती आणि चारही वेळा जिंकूनही लेकीशिवायच परतली होती.

लढाई संपून वर्ष होत आलं होतं, पण रेशन काही संपलं नव्हतं. त्या वैशाखात भागात पटकीची साथ आली. हगवण, उलटी, आणि दुसऱ्या दिवशी माणूस तिरडीवर. आरोग्य खात्याचा एक इनिस्पेक्टर सायकलवरून यायचा, विहिरीत लाल औषध टाकायचा आणि सुई टोचून घ्या, पाणी उकळून प्या, शिळं खाऊ नका, असं घसा कोरडा पडेपर्यंत सांगायचा. गेला की बाया विहिरीकडे बघून म्हणायच्या, मेल्यानं पाणी नासवलं. ऐकून घ्यायची ती एकटी सोनुबाई. तिला पाठ करायची सवयच होती, पुढच्या गावात सांगायला काहीतरी लागायचं ना.

गावाचा इलाज निराळा होता. साथ आली की मरीआईचा गाडा निघे. लाकडाचा छोटा गाडा, त्यात शेंदूर लावलेली देवी, निंबाचा पाला, लिंबं, नारळ. एका गावानं तो वाजतगाजत आपल्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पुढच्या गावानं तो उचलायचा, आणणाऱ्यांना जेवू घालायचं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या शिवेबाहेर घालवायचा. देवी गेली की रोग तिच्याबरोबर गेला. कुठं गेला, तर पुढच्या गावात. त्याची काळजी पुढच्या गावानं करावी.

आता सोनुबाई गावोगाव फिरणारी. तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. मंगळवारी गाडा खैरपाड्याला गेला आणि शुक्रवारी खैरपाड्यात तिघं आडवे. शनिवारी आवळेवाडीला गेला, सोमवारी तिथं पहिलं मढं. गाडा यायच्या आधी ही गावं धडधाकट होती, तिनं तिथं स्वतः मासळी विकली होती. रोग गाड्याच्या पुढं धावत नव्हता, तो गाड्याबरोबर चालत होता. आजारी गावातली तीस-चाळीस माणसं येतात, विहिरीवर हातपाय धुतात, पंक्तीला बसतात, एकाच तांब्यानं पाणी पितात. एवढं दिसायला काही शिकलेलं डोकं नको. पण हे बोलायचं कसं? देवीच्या गाड्यानं रोग पसरतो असं म्हणणाऱ्या बाईला गावानं त्याच गाड्यात घालून शिवेबाहेर सोडलं असतं.

आणि अशात गाडा हेदपाड्याच्या शिवेवर आला. मंगळवारची सांज. परवा, गुरुवारी, खालापूरला आगोटीचा बाजार.

आगोटीचा बाजार म्हणजे पावसाळ्याआधीचा शेवटचा मोठा बाजार. चार महिन्यांचं मीठ, मिरची, सुकी मासळी त्या दिवशी घरात आली तर आली. नंतर नद्या भरतात, वाटा मोडतात आणि ज्यानं आगोट भरली नाही त्यानं भाताबरोबर नुसतं आभाळ बघायचं. घेणाऱ्यांची ही कथा, तर विकणाऱ्यांचं सबंध वर्ष त्या एका दिवसावर. सोनुबाईच्या माळ्यावर बोंबील, जवळा, वाकट्या यांच्या सात पाट्या भरून तयार होत्या. पावसाचं वारं लागलं की त्यांना बुरशी येणार.

पोलीस पाटील येसाजीनं पारावर हिशेब मांडला. गाडा गावात असेपर्यंत कुणी शीव ओलांडायची नाही, हा रिवाज. म्हणजे गाडा उद्याच्या उद्या हलला पाहिजे, तर परवा बाजार साधेल. त्याचं म्हणणं असं की पटकीनं दहातले दोन मरतात, पण बाजार चुकला तर दहाच्या दहा अर्धपोटी. हिशेब चोख होता. त्यातले दोन कोण, हे तेवढं त्यानं विचारलं नाही, आणि बाकीच्यांनीही नाही. गाडा पळसदरीच्या बाजूला सोडायचा असं ठरलं.

गाडा आणणाऱ्यांच्या पंक्ती बसल्या. सोनुबाईची शेजारीण ठमी हिचा नवरा पदू पुढं होऊन पाहुण्यांना पाणी वाढत होता आणि मग त्यांच्यातच जेवायला बसला. सोनुबाई दारातून बघत होती. सांगावं असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. मग तिला माळा आठवला. गाडा पळसदरीकडे जाणार, तिकडं आपलं कोण आहे? एक दिवसाचा तर प्रश्न. तिनं घरात जाऊन आपल्यापुरतं पाणी उकळलं आणि गप्प बसली. जन्मात पहिल्यांदा सोनुबाई गप्प बसली, आणि तीही नेमकी नको तेव्हा.

बुधवारी सकाळी निरोप आला की पळसदरीच्या वाटेवर तिकडच्या लोकांनी काटेरी फांद्या टाकून वाट अडवलीय, काठ्या घेऊन बसलेत. येसाजी म्हणाला, हरकत नाही, बोरतळ्याकडे वळवू. ते गाव गरीब आहे, कुणी अडवणार नाही.

बोरतळं. सुंदराचं सासर. सोनुबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं.

पुढं जे झालं ते हेदपाड्यात अजून सांगतात. गाड्याला माणसं लागली, ढोल सुरू झाला, आणि बायकांच्या घोळक्यातून सोनुबाई केस मोकळे सोडून, अंग घुसळत, थेट गाड्यापुढं येऊन आडवी पडली. दर जत्रेत घुमणाऱ्या बायांची नक्कल करून ती सगळ्यांना हसवायची, त्यामुळं सराव होता. ढोल थांबला. मरीआई आली, मरीआई आली, अशी कुजबूज झाली.

गावचा भगत धाऊ पुढं झाला. अंगात यायचा मान त्याच्या घराण्याचा, त्याला हे कसं खपावं? तो म्हणाला, खरी देवी असेल तर खूण पटवावी. सोनुबाईनं डोळे फिरवले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली,

"धाऊ, माही पुनवेला वालाच्या वावरात तू कुणासंगं व्हतास, ते हितंच सांगू?"

धाऊनं तिथंच लोटांगण घातलं आणि आई खरी हाय अशी ग्वाही दिली. त्याच्या मागोमाग आणखी चौघांनी घाईघाईनं लोटांगण घातलं. वालाचं वावर मोठं होतं.

मग देवी बोलू लागली. चालून चालून माझं पाय दुखलं, मी आता हितंच ऱ्हाणार. मला उकळलेलंच पाणी पाहिजे, आणि मी पिते तेच समद्यांनी प्यायचं. शिळं चालणार नाय. माशी बसलेलं चालणार नाय. हगणदारीला विहिरीकडं जाल तर खबरदार. सायकलवाला सुई घेऊन येतो तो माझाच माणूस हाय, त्याच्यापुढं दंड धरायचा. पंधरा दिस कुणी शीव ओलांडायची नाय.

येसाजीनं हात जोडले. तो खरोखर घाबरला होता, पण पाटील होता. त्यानं विचारलं,

"समदं करू, आई. पन उद्याच्याला बाजारापुरतं तरी जाऊ दे. एकच दिस."

सोनुबाई घुमायची थांबली. देवीनं विचार करण्याइतका वेळ घ्यावा हे जरा नवलच होतं, पण लोक हात जोडून उभे राहिले. तिच्या डोळ्यांपुढं सात पाट्या आल्या. देवी मीच, मग सूट द्यायला कुणाला विचारायचं? बाजारापुरतं जा, एवढे दोन शब्द. सगळं गाव खूश झालं असतं आणि तिची मासळी खपली असती. पण त्या बाजारात बोरतळ्याची माणसं येणार. काल पंक्तीला बसलेली इथली माणसं आणि ती एकाच तळ्यावर पाणी पिणार. संध्याकाळी तीच माणसं सुंदराच्या घरात जाणार.

"बाजार नाय," ती म्हणाली.

मागून कुणीतरी हळूच विचारलं, की मग सोनुबाईच्या मासळीचं काय? देवी एकदम खवळली आणि म्हणाली, सोनुबाईची मासळी गेली खड्ड्यात. हे मात्र तिनं इतकं मनापासून म्हटलं, की ज्यांना थोडी शंका होती त्यांचीही फिटली.

त्याच रात्रीपासून हेदपाड्यात माणसं आजारी पडू लागली. अकरा जणांना लागण झाली. पदू पहिला गेला, गुरुवारी, बाजाराच्याच दिवशी. त्याच्यामागून आणखी दोघं. मग उतार पडला. इनिस्पेक्टर आला तर घरोघर चुलीवर पाणी खळखळत होतं आणि लोक दंड उघडे करून रांगेत उभे. त्यानं वर कळवलं म्हणे, की माझ्या व्याख्यानांचा खेड्यातील जनतेवर उत्तम परिणाम झाला आहे.

गाडा शिवेवर तसाच उभा राहिला. बोरतळ्यात एकही माणूस दगावलं नाही. सुंदराला मुलगी झाली, पण सासरी झाली. शिवेपलीकडून कुणीतरी ओरडून सांगितलं तेव्हा कळलं. पहिल्या बाळंतपणाला आई जवळ असावी ती सोनुबाई इकडं खोटी देवी होऊन बसली होती. त्या दिवशी ती घरात दार लावून रडली. देवीला रडताना कुणी बघू नये म्हणून.

आणि मासळी? ती विकायची सोयच उरली नाही. देवी ज्या बाईच्या तोंडून बोलली तिनं शेरानं जवळा मोजून द्यायचा आणि घासाघीस करायची, हे गावाला पटेना. पण मीठमिरचीला महाग झालेलं गाव त्या सात पाट्या विसरलंही नव्हतं. पहिल्यांदा येसाजीच हात जोडून आला आणि देवीचा प्रसाद म्हणून दोन बोंबील मागितले. मग रोज रांग. कुणी प्रसादाला वाटी आणायचं, कुणी टोपली. धाऊनं तर देवीचा मूळ सेवक म्हणून सोडे मागितले. प्रसादाला नाही म्हणता येत नाही. नवस बोलल्यासारखे डोळे मिटून लोक तिचा माळा रिकामा करून गेले आणि ती मनातल्या मनात एकेकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत आशीर्वाद देत राहिली.

त्या पावसाळ्यात हेदपाड्यानं हाल काढले. येसाजी पुन्हा हिशेब करायचा, की गेले तीन, आणि सगळं गाव अर्धपोटी. बाजार केला असता तर काय झालं असतं? हे त्याला ठरवता येईना. न झालेली मढी मोजायची रीत कुणाकडेच नव्हती. सोनुबाई या वादात पडत नसे. बोरतळ्याचे चौऱ्याऐंशी उंबरे तिला पाठ होते.

श्रावणात एका दुपारी ठमी आली. कपाळ मोकळं. प्रसाद मागायला आली असेल म्हणून सोनुबाईनं माळा रिकामा झाल्याचं सांगितलं. ठमी खाली बसली. म्हणाली, देवीला एक विचारायचं हाय. सोनुबाईनं सवयीनं पदर डोक्यावरून घेतला, आणि तिच्याकडे बघून पुन्हा खाली सोडला. या एका बाईपुढं तिला घुमणं जमेना.

"ठमे, देवी नव्हती गं. मीच व्हते."

"ठावं हाय मला," ठमी म्हणाली. "वालाच्या वावरातलं तूच सांगितलं व्हतंस मला, शिमग्याला. म्हून तर तुलाच विचारते, काकी. तुला समदं कळत व्हतं, तर आदल्या सांजेलाच का नाय बोललीस?"

खालापूर ते पळसदरी अशी एक बाई नव्हती, की जिला सोनुबाईकडून तोडीस तोड जबाब मिळाला नव्हता. खोटं बोलायची इच्छा झाली नाही असं नाही. दोन-तीन चांगल्या थापा अगदी जिभेवर तयार होत्या.

"माळ्यावर सात पाट्या व्हत्या," ती म्हणाली. "परवाच्याला बाजार व्हता."

ती शिव्यांची वाट बघत राहिली. ठमीनं शिव्या दिल्या नाहीत. बाहेर बघत ती म्हणाली,

"पदू जात नव्हता गाड्याला. अंग दुखतं म्हनत व्हता. मीच धाडला त्याला, पाव्हन्यांचं लवकर उरकलं तर गाडा लवकर हलंल म्हून. माजं बी तीन टोपल्या आंबं पिकलं व्हतं."