उंच्याचं माप

टेपकाकूच्या गळ्यात मापाची टेप नाही, असं वस्तीत कुणी पाहिलं नव्हतं. खाणीतल्या झाडून सगळ्या गड्यांच्या पँटी तिच्या हातच्या. कुणाचं पोट सुटलं हे त्याच्या बायकोआधी हिला कळायचं.

नवरा मात्र तिच्या मशीनला भारी. वस्तीत त्याला उंच्या म्हणत. दारातून वाकून आला तरी कपाळाला टेंगूळ ठरलेलं. "तुझ्या एका पायात दोन माणसांचं कापड जातं रे बाबा," म्हणून ती करवादायची, आणि शिवायची.

चुनखडीच्या खाणीचं छत खचलं तेव्हा सगळे धावत बाहेर आले. उंच्याही आला होता. मग डबा राहिला म्हणून परत आत गेला. डब्यासाठी! आता काय म्हणावं या माणसाला! ढिगारा उपसून उपसून माणसं थकली, उंच्या मिळाला नाही. टेपकाकू रोज खाणीच्या तोंडाशी जाऊन बसायची. खाणं नाही, बोलणं नाही.

पुढच्या वर्षी मांडीचं एक हाड सापडलं. दगडासारखं जड आणि हे एवढं थोरलं. खाणीत ठिबकत्या पाण्याखाली बादली विसरली, तर तिच्यावर दगडाचं कवच चढतं, हे तिथं प्रत्येकाला ठाऊक. हाडाचंही तेच झालं असणार, फुगणारच. मुकादम ते पोत्यात गुंडाळून रडत रडत घेऊन आला. "वहिनी, आपला उंच्या सापडला. एवढं हाड दुसऱ्या कुणाचं असणार?"

टेपकाकूनं हाडाकडे पाहिलं. मग गळ्यातली टेप काढून मशीनच्या खणात टाकली आणि खण लावून घेतला. "हो, त्याचंच," ती म्हणाली. त्या दिवशी ती पोटभर जेवली. टेप दुसऱ्या दिवशी पुन्हा गळ्यात आली.

हाड खाणीच्या माथ्यावर पुरलं. आणि उंच्या वाढू लागला. आधी म्हणे त्यानं छत खांद्यावर तोललं, म्हणून बाकीचे वाचले. मग तो अजून आत उभाच आहे, आणि खांदा बदलतो तेव्हा जमीन हादरते. पोरांनी तर त्याला टेकडीएवढा करून टाकला. डब्याचं कुणी नावही काढेना. टेपकाकू ऐकून घ्यायची आणि संध्याकाळी त्याच्यापाशी जाऊन दिवसभराचं सगळं सांगायची. "तुझा मुकादम पुन्हा जाडा झाला रे."

यंदा खाणीत एक भलीमोठी दाढ निघाली, म्हणून संग्रहालयातली बाई आली. दाढ पुरातन काळच्या हत्तीची ठरली. उंच्याची गोष्ट ऐकून बाई हळूच म्हणाली, "दूरच्या देशांत पूर्वीही लोकांना अशी हाडं सापडायची. हत्ती पाहिलेला नसायचा, मग त्या हाडांवरून राक्षस उभा राहायचा. कवटीत मधोमध सोंडेचं भोक, म्हणून तो एकडोळ्या. तुमचं ते हाड बघू का?"

"बघा की!" मुकादमानं छाती ठोकली. "आमचा उंच्या म्हणजे हत्ती होय?" सगळे हसले. टेपकाकू नको म्हणाली असती, तर का नको ते सांगावं लागलं असतं. ती सगळ्यांच्या मागून माथ्यावर चढली.

हाड बाहेर आलं. बाईनं पिशवी चाचपली. टेप गाडीत राहिली होती. सगळ्यांच्या माना टेपकाकूकडे वळल्या.

"वहिनी, तुम्हीच मोजा," मुकादम म्हणाला.

ती गुडघ्यांवर बसली. हाडाला टेप लावली. कमरेपासून घोट्यापर्यंत उंच्याच्या पँटीचं माप तिला तोंडपाठ होतं. ते सगळं मांडीच्या त्या एका हाडातच संपलं, वर चार बोटं हाड उरलं.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?" मुकादमानं विचारलं.

"मापाचं मला कळणार नाही होय, भावोजी?" ती म्हणाली आणि तिचा बांध फुटला. "रडायला एक जागा हवी होती हो मला."

बाईचेही डोळे भरले. "परत ठेवू या का?"

"नको. न्या तुम्ही. परक्या जनावरानं माझं किती रडगाणं ऐकायचं?"

गाडी गेली. एक गडी फावडं घेऊन खड्डा बुजवायला लागला. टेपकाकूनं फावड्याचा दांडा धरला.

"राहू दे उघडा," ती म्हणाली. "तो सापडायचाय अजून."