आपण हरू, असं मी म्हणाले

अठ्ठ्याहत्तरच्या नवरात्रात धुळ्याचे पाहुणे मला बघायला जळगावला आले आणि चहा येईपर्यंत क्रिकेटवर घसरले. आपला संघ पाकिस्तानात खेळायला निघाला होता. मला कळायला लागल्यापासून हे दोन देश एकमेकांशी खेळलेच नव्हते, त्यामुळे बैठकीत जो तो आपापला संघ निवडत होता. मुलाच्या वडिलांना सगळे आबा म्हणत. धुळ्याला त्यांचं कापसाचं जिनिंग होतं. "आपले फिरकीवाले त्यांना गुंडाळतील," ते म्हणाले. स्थळ आणणाऱ्या माझ्या एरंडोलच्या मामांनी लगेच मान डोलावली.

मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होते. कुणी विचारल्याशिवाय मी बोलत नसे, विचारल्यावरही बेतानेच. पण वडिलांना माझं शिक्षण दाखवायची हौस आली. "आमची पोरगी रोज इंग्रजी पेपर वाचते. विचारा तिला."

"मग सांग बेटा," आबा म्हणाले, "कोन जिंकी?"

"ते," मी म्हणाले. "आपण हरू. आपले फिरकी गोलंदाज थकलेत. त्यांचे फलंदाज इंग्लंडमध्ये खेळून तयार झालेत."

मामांनी तोंडाशी नेलेला चमचा पुन्हा बशीत ठेवला. शुभ कामाला जमलेल्या माणसांत, तेही नवरात्रात, मी 'हरू' म्हणाले होते. तो आवाज माझाच होता, हे मला पटेना.

"अंपायरही त्यांचेच असतील," मुलगा हळूच म्हणाला. सबंध भेटीत तो तेवढंच बोलला, तेही माझ्याकडे बघून. लग्न व्हावं तर याच्याशीच, असं वाटलं आणि त्याचा मला आणखी एक धक्का बसला.

निघताना आबांच्या बहिणीने, अक्कांनी, दारातच विचारलं, "पोरनी जीभ काळी शे का काय?"

दसऱ्याला मामा सोनं द्यायला आले ते धुळ्याचा निरोप घेऊनच. मालिका संपल्यावर कळवू. वडिलांचा विश्वास बसेना.

"म्हणजे माझ्या पोरीचं लग्न अकरा गड्यांच्या हातात?"

"बावीस," मामा म्हणाले.

आपण जिंकलो तर मी दीडशहाणी, हरलो तर काळ्या जिभेची. सामने अनिर्णित राहावेत म्हणून देवीला विनवणारी साऱ्या देशात मी एकटीच असेन. पहिला तसा राहिलाही. पुढचे दोन्ही आपण हरलो. शेवटच्या दिवशी वडिलांनी रेडिओ बंद केला आणि माझ्याकडे न बघता बाहेर निघून गेले. "कशाला बोललीस गं," आई एवढंच म्हणाली.

नंतर मामा आले ते चपला काढतानाच हसत होते. आबांचे शब्द त्यांनी जसेच्या तसे सांगितले. "पोर खरं बोलस. मुहूर्त काढा. फक्त औंदा कपाशीना भाव काय राही, हाई तिले कोनी इचारू नका."

वडिलांनी समोरचा पेपर उचलून त्याची घडी घातली. मग आईला म्हणाले, "लग्न होईपर्यंत हिच्या हाती पेपर देऊ नकोस."