कॉम्प्युटरातला गाल

आमच्या वैशालीने कॉम्प्युटरवर बनवलेल्या आईला शेजारच्या अक्काताईचे गाल आहेत. यात अक्काताईची काही चूक नाही. तिने फक्त गाल दिले.

वैशाली तेव्हा कार्टून बनवायचा क्लास करत होती. शिवाजी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत कपाटाएवढी जागा अडवून कॉम्प्युटर येऊन बसला होता. क्लासच्या शेवटी प्रत्येकाने एक छोटी फिल्म करून हॉलमध्ये दाखवायची होती. हिची फिल्म एवढीच, की लहान मुलगी आईच्या गालावर बोट दाबते, गाल आत जातो, परत वर येतो. मी म्हटलं, त्यात काय एवढं?

पहिल्यांदा बोट गालातून शिरलं ते कानातून बाहेर आलं.

"अगं, भोसकलंस की तिला!" मी ओरडलेच.

पुढच्या वेळी बोट टेकलं, पण गाल पितळेच्या घागरीसारखा ढिम्म. त्यानंतर बोटाबरोबर नाक, डोळा, कपाळ सगळंच आत गेलं (त्या दिवशी मला जेवण गेलं नाही). कारण ती बाहुली म्हणजे हुबेहूब मी होते! माझं कपाळ, माझं कुंकू, माझा डोक्यावरचा पदर.

शेवटी वैशाली कॅमेरा घेऊन आली. "आई, खऱ्या गालाचं शूटिंग करायला लागतंय. मांस कुठं सरकतंय, कडेला किती फुगतंय, वर कसं येतंय, ते बघितल्याशिवाय जमणार न्हाय. कॅमेरा क्लासचा हाय, संध्याकाळी परत द्यायचाय. बस इथं."

"माझा गाल?"

"मग कुणाचा? फिल्ममधली आई तूच हाईस की!"

मला आतून इतका आनंद झाला, की मी तिच्यावर खेकसले. लग्नाच्या फोटोतसुद्धा माझा नुसता पदर आलाय, आणि आता अख्खा हॉल मला बघणार! पण माझे गाल बसलेले. जिथे आधीच खड्डा, तिथे पोरगी दाबणार काय? मी गुपचूप स्वयंपाकघरात गेले. गडमुडशिंगीहून माहेरचा गूळ आला होता. लिंबाएवढा खडा घेतला आणि उजव्या गालात कोंबला. आरशात बघितलं. गाल असा टम्म, की सिनेमावाल्यांनी न्यावा!

येऊन बसले. वैशालीने कॅमेरा लावला, बोट टेकलं, दाबलं... आणि तिचा चेहराच पडला.

"आई, हे कडक काय लागतंय? आबा! आबा, इकडं या! आईच्या गालात गाठ हाय!"

आमचे मालक दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला फेस, तसेच धावत आले. त्यांनी दाबून बघितलं. "आयला! एवढी मोठी? कवापासनं हाय गं?"

आता मी बोलणार कशी? तोंड उघडलं तर पाक गळणार. मी नुसतं "उं उं" केलं.

"बोलता पण येईना तिला!" मालक किंचाळले.

त्या आवाजाने अक्काताई आली, तिच्यामागून निम्मी गल्ली आली. जो येईल तो दाबून बघतोय! एवढ्या माणसांत गुळाचं कसं सांगायचं? मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, हिने आशा सोडली.

मालकांनी मला स्कूटरवर घातलं. दवाखाना येईपर्यंत ते रडवेल्या आवाजात बोलत होते. "तुला काय होऊ देत न्हाय बघ मी. तुझ्या आमटीला उगंच नावं ठेवली. लै झ्याक असती आमटी." मी मागे बसून ऐकत होते आणि गूळ चघळत होते. लग्नापासून माणूस इतकं चांगलं कधी बोलला नव्हता. थांबवणार तरी कोण?

डॉक्टरांनी गाल दाबला. "कुठाय गाठ?"

"मगाशी लिंबाएवढी होती की साहेब!"

"काकू, आ करा." डॉक्टर वाकले, आणि तसेच थांबले. "काकू, गूळ खाल्लाय व्हय?"

मी होय म्हणाले. त्याशिवाय दुसरं काय म्हणणार?

येताना मालक घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "आमटीत मीठ जास्तच असतंय."

गल्ली दारातच उभी होती. मालकांनी सगळं सांगितलं. हसण्याचा असा कल्लोळ उठला, की पलीकडच्या तालमीतली पोरं बाहेर आली. मी स्वयंपाकघरात शिरून आतून कडी घातली.

वैशाली दाराशी आली. ती हसत नव्हती. "आई, अजून उजेड हाय. एकदाच बस की. गाल हाय तसाच चांगलाय तुझा."

"अक्काताईचा घे जा! चांगला गरगरीत हाय!"

"मला तुझा पायजे."

मी कडी काढली नाही. थोड्या वेळाने बाहेरून अक्काताईचा आवाज आला, "दाब की पोरी, बिनधास्त दाब!"

हॉलमध्ये फिल्म लागली. बोट टेकलं, गाल अलगद आत गेला, नाकाकडे जरा फुगला, आणि बोट उचलल्यावर सावकाश वर आला. किंचित लाली तेवढी मागे राहिली. लोकांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या! कुंकू माझं, पदर माझा, आणि त्याखाली अक्काताईचे दोन गरगरीत गाल. ती उठून उभी राहिली आणि चारी बाजूंना वळून गाल दाखवत म्हणाली, "आमचाच हाय!" मागच्या बाईने मला विचारलं, "तुम्ही कोण हो त्यांच्या?" मी म्हटलं, "शेजारीण."

पुढे वैशाली नोकरीला पुण्याला निघाली. निघायच्या दिवशी बॅग भरता भरता थांबली, माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने माझ्या गालावर बोट ठेवलं. तेव्हा तरी गप्प बसावं की नाही? पण मी झटकन तोंड फिरवलं आणि म्हणाले, "अगं, कुणीतरी बघंल की!"

घरात आम्ही दोघीच होतो.