भिंतीवरचे नमुने

त्यांना सगळे पेंटरच म्हणत. बायकोसुद्धा. लग्नानंतर चेष्टेने म्हणायला लागली आणि मग ते तिच्या तोंडात बसलं ते बसलंच.

पेंटरांची एक सवय होती. गिऱ्हाइकाने निवडलेला रंग ते आधी आपल्या घरच्या भिंतीवर लावून बघत. ओला रंग वेगळा दिसतो, वाळला की वेगळा; सकाळच्या उजेडात एक, दिव्याखाली दुसराच. लोकांच्या भिंतीवर चुकण्यापेक्षा आपल्या भिंतीवर चुकलेलं बरं, असा त्यांचा हिशेब. एकतीस वर्षांत त्यांच्या एकुलत्या एका खोलीच्या भिंती वीत-वीतभर चौकोनांनी भरून गेल्या. दवाखान्याचा पोपटी, कुणाच्या तान्ह्या मुलीच्या खोलीचा गुलाबी, शाळेच्या जिन्याचा चॉकलेटी ऑइल पेंट.

"सगळ्यांची घरं आहेत या खोलीत," बायको म्हणायची, "आपलंच तेवढं नाही."

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर महिनाभर ती भावाकडे राहायला गेली. जाताना म्हणाली, "पेंटर, मी येईपर्यंत खोली एका रंगाची करा. नाहीतर मी तिकडेच बरी."

तेव्हा ती हसत होती. तिसऱ्या आठवड्यात फोनवर तेच बोलली, पण त्यात हसू नव्हतं. "इथे नुसतं पडून भिंतीकडे बघितलं तरी बरं वाटतं हो. डोळ्यांना काही टोचत नाही."

पेंटर रोज ठरवत. पण दिवसभर दुसऱ्यांच्या छतांवर रोलर फिरवून आल्यावर केसांतून कंगवा फिरवायलाही हात वर जात नसे. रंगाचे डबे तसेच कोपऱ्यात. शेवटी ती यायच्या आदल्या दिवशी त्यांनी सुट्टी घेतली.

ऑइल पेंटवर दुसरा रंग लावायचा तर आधी पॉलिश पेपरने घासून त्याची चकाकी मारावी लागते, नाहीतर वरचा रंग धरत नाही. हे पेंटर प्रत्येक घरात सांगत आले होते. ब्रश कुणीही फिरवतो, खरं काम घासण्यात आहे. त्या सकाळी त्यांनी दोन चौकोन घासले. खांद्यातून कळ गेली. समोर अजून जवळजवळ चारही भिंती बाकी होत्या.

"इथे कोण बघायला येतंय," ते स्वतःशीच म्हणाले आणि पेपर खाली ठेवला. दुसऱ्याच्या घरात हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत रंगाचे दोन हात मारून झाले. खोली फिकट बदामी झाली, एकसारखी. पेंटर न जेवताच झोपले.

सकाळी कपाट जागेवर सरकवताना त्याचा कोपरा भिंतीला घासला आणि दुधावरची साय निघावी तसा रंगाचा पापुद्रा निघाला. खाली शाळेचा जिना चकाकत होता. त्यांनी नखाने कड दाबून बघितली. आणखी निघाला.

तेवढ्यात मेहुणा बहिणीला दंडाला धरून आत घेऊन आला. "वा, भावजी! खोली ओळखूच येत नाही."

पेंटर भिंतीला पाठ लावून उभे होते.

"बाजूला व्हा," बायको म्हणाली.

ते झाले. तिने लोंबणारा पापुद्रा बोटांत धरून हलकेच ओढला. तळहाताएवढा तुकडा हातात आला.

"घासलं नाहीत."

"नाही."

"का?"

खांद्याचं सांगता आलं असतं. रंगच खराब निघाला म्हणता आलं असतं.

"दमलो होतो," पेंटर म्हणाले. एकतीस वर्षांत ते ऊन, धूळ, ठेकेदार, सगळ्यांबद्दल कुरकुरले होते. हे कधी म्हणाले नव्हते.

मेहुण्याच्या हातात बॅग तशीच होती. "ताई, तू चल परत. भावजी करतील चार दिवसांत."

"जा," पेंटर म्हणाले. "या वेळी नीट करतो."

ती काठीवर भार देऊन उभी राहिली. मग भावाला म्हणाली, "चार दिवसांनी हे काय ताजेतवाने होणार आहेत? ठेव ती बॅग."

खुर्ची भिंतीजवळ ओढायला लावून ती बसली. "तो पेपर द्या इकडे. बसून पोचतं तेवढं मी घासते."

"धूळ उडते. तुला सोसायची नाही."

"तुमच्या कपड्यांतून रोज कोण झाडतं ती?"

मेहुणा चहा न घेताच गेला. पेंटरांनी दुसरा पेपर घेतला आणि हात वर नेला. तो खांद्याशीच अडला. तिने ते बघितलं.

"वरचं राहू द्या आज. आडवे व्हा जरा."

ते सतरंजीवर तसेच, कामाच्या कपड्यांतच आडवे झाले. पेपरचा खरखर आवाज येत होता. ती उभं-आडवं कसंही घासत होती, जोरही कमी लावत होती. गोल-गोल फिरव, असं त्यांना सांगायचं होतं. पण त्याआधीच त्यांचा डोळा लागला.