गोधडीतली बिअर

थंडीत बिअरही आळशी होते, हे मला बदनापुरात कळलं. पुण्यात बिअर बनवणाऱ्या एका हॉटेलात मी मदतनीस होतो. ते बंद पडलं आणि मी बॅग उचलून बाबांच्या दारात येऊन पडलो. संभाजीनगरात तसंच हॉटेल काढणारा एक जण म्हणाला, "स्टाउट, म्हणजे गोड, काळी बिअर, करून आणा. जमली तर कामावर या." दुसरी आशा नव्हती.

बाबा रोज सकाळी पंचशील म्हणतात. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. तिथे त्यांचा आवाज मुद्दाम चढतो, असं मला वाटायचं. माझ्या कामाबद्दल ते कधी चकार शब्द बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागायचं. मागच्या खोलीत मी बिअरचा ड्रम मांडला, तर तो पाहून ते पुढे निघून गेले.

स्टाउट गोड राहावी म्हणून तिच्यात दुधातली साखर घालतात. यीस्टला ती पचत नाही. बाकीची साखर मात्र यीस्टने खायला हवी. माझं यीस्ट अर्ध्यावरच थांबलं. बुडबुडे बंद, साखर मोजायच्या मीटरचा आकडा जागचा हलेना. ड्रम हलवला, ताजं यीस्ट कोमट पाण्यात भिजवून घातलं, काही उपयोग नाही. शेवटी आईने शिवलेली गोधडी ड्रमला गुंडाळली आणि डोक्याला हात लावून बसलो.

"काय झालं रे?" बाबा दारात उभे होते.

"थंडीनं बंद पडलंय, बाबा. आता न्हाई होत ते."

"मंग नोकरी?"

"तीबी न्हाई."

ते तसेच आत गेले.

सकाळी पाहतो तर बुडबुडे! आकडा रोज उतरू लागला. उगाच नाट लागायला नको म्हणून चव घेतली नाही. ती घेतली संभाजीनगरला निघायच्या आदल्या दिवशी. ताकासारखी आंबट.

मी स्वयंपाकघरात गेलो. बाबा दुधाला विरजण लावत होते. आई गेल्यापासून ते काम त्यांचंच.

"त्या दिवशी तू बाहेर गेल्तास ना," ते म्हणाले, "तवा चमचाभर दही तुझ्या ड्रममधी टाकलं. थंडीत दही लागलं न्हाई की तुझी आई असंच करायची. वरून चमचाभर, अन् गोधडी. गोधडी तर तू घातलीच होती."

गोधडीच्या उबेनेच यीस्ट जागं झालं होतं. दह्याने नेमकी ती दुधातली साखर खाऊन बिअर आंबट केली होती. मला भयंकर राग आला. पण रोज पाचवं शील म्हणणाऱ्या या माणसाने माझ्यासाठी त्या ड्रमला हात लावला होता.

"आलं ना कामी?" त्यांनी विचारलं.

"आलं, बाबा. बराबर टायमाला आलं."

दुसऱ्या दिवशी ते मला स्टेशनवर सोडायला आले. बिअर मी रात्रीच मोरीत ओतून दिली होती, आणि बॅग जड लागावी म्हणून बाटल्यांत पाणी भरून घेतलं होतं. ती बॅग त्यांनी माझ्या हातून घेतली आणि डब्यापर्यंत स्वतः उचलून आणली.