कोपर टेकून ऐकणारी वासुकी

मंगळवार, ११ जून २०२४. नळाला पाणी नाही. दुपारी वासुकीला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे.

वासुकी माझी धाकटी नणंद. लग्न केलं नाही, तंजावरात वीणा शिकवण्यात जन्म घालवला. माझे यजमान गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. वीणा वाजवताना उजव्या हाताची करंगळी बाजूच्या तारा छेडून ताल धरते. तिची तीच करंगळी जानेवारीतल्या पोंगलपासून बधिर आहे. तिने तारा बदलल्या, बोटाला तेल चोळलं. पण दुखणं बोटात नव्हतंच. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी कोपराच्या आतल्या हाडामागे टिचकी मारली आणि करंगळीपर्यंत झिणझिण्या गेल्या. तिथल्या अरुंद खोबणीतून नस जाते; कोपर दुमडलं की ती ताणते, टेकलं की दबते.

वासुकीने दोष वीणेला दिला. डॉक्टरांनी बसून दाखवायला सांगितलं. वाजवताना कोपर मोकळंच होतं. मग शिष्या वाजवतात तेव्हा कशा बसता, असं त्यांनी विचारलं. तिने स्टूल ओढलं, वीणेच्या भोपळ्यावर टेकते तसं कोपर टेकलं आणि गाल तळहातावर ठेवला. सकाळ-संध्याकाळ ती अशीच ऐकते. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर असत्या तर पहिल्याच दिवशी कोपरावर लाकडी पट्टीचा फटका बसला असता.

सवय सोडा, एवढंच औषध होतं. मी बोलून थकले. "हात गालाला नसला तर माझा कान लागत नाही, वैनी," हे तिचं ठरलेलं उत्तर. आज डॉक्टरांनी अंगठा आणि तर्जनीच्या मधे पडलेला खड्डा दाखवला. स्नायू झिजतोय. महिनाभर कोपर सरळ ठेवा, नाहीतर शस्त्रक्रिया. आणि गेलेलं बळ परत येईलच असं नाही.

तरी संध्याकाळच्या शिकवणीला कोपर भोपळ्यावरच. मी स्वयंपाकघरात भांडी आपटली. तिची शिष्या हरिणी एका जागी अडली, म्हणून वासुकीने स्वतः वाजवून दाखवलं.

"टीचर, ताल ऐकू येत नाही," हरिणी म्हणाली.

लक्ष कुठे आहे तुझं, म्हणून वासुकी पोरीवरच चिडली आणि पुन्हा वाजवलं. करंगळी तारांवरून फिरली. आवाज आला नाही. मलाही ऐकू आला नाही.

हरिणी गेल्यावर तिने हात माझ्यापुढे केला.

"बांध."

"एप्रिलपासून काय सांगत होते मी?"

"बांध म्हटलं ना. मग बोल हवं तेवढं."

मी टॉवेलची घडी कोपराभोवती गुंडाळून घट्ट न करता बांधली.

आजची शेवटची नोंद: उजवा हात तोंडापर्यंत जाईना, म्हणून वासुकीने दहीभात डाव्या हाताने, चमच्याने खाल्ला.