लाल चिंध्यांची कणसं

सरळच सांगून टाकते, म्हणजे मागाहून लपवाछपवी नको. डभोईजवळच्या एका बाईनं लग्नात माहेराहून आणलेलं आणि त्यानंतर दर वर्षी जपलेलं ज्वारीचं बी मी एका रविवारी बडोद्याच्या पाहुण्यांना भाजून खाऊ घातलं. माझ्या हातानं कापून. ती समोर उभी होती, तरी तिनं मला अडवलं नाही. का अडवलं नाही, ते मला अजून धड कळलेलं नाही, आणि न कळलेल्या गोष्टींचा मला फार राग येतो.

नव्या शतकाची सुरुवात होती. बँका माणसांना 'स्वेच्छेनं' घरी पाठवत होत्या. मीही स्वेच्छेनं निवृत्त झाले, म्हणजे शेजारच्या टेबलावरचे सगळे झाले म्हणून झाले. घडियाळी पोळ नावाच्या आमच्या जुन्या आळीतल्या घरात बसून दुपार कशी घालवायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं. अशात एका संस्थेचे गृहस्थ आमच्या मंडळात भाषणाला आले. शेतकरी आणि शहरातला माणूस यांनी भागीदारी करावी, सुट्टीच्या दिवशी लोकांना शेतावर न्यावं, गावातलं पीक गावातच खपावं, जुनी बियाणी टिकावीत, असं ते तास-दीड तास बोलले. मी घरी आले ती ठरवूनच.

शेतकरी शोधायला लांब जावं लागलं नाही. आमचे वर्षाचे गहू आणि तूर ज्यांच्याकडून यायची ते डभोईकडचे भाई आणि त्यांची बायको. तिला मी भाभी म्हणायची, ती मला बेन. दोघी साधारण एकाच वयाच्या. त्यांच्याकडे पोंकाची ज्वारी होती. पोंक म्हणजे आपला हुरडा, पण आमच्या किती पिढ्या बडोद्यात गेल्या, आम्हीही पोंकच म्हणतो आणि शेव-लिंबाशिवाय तो घशाखाली उतरत नाही. त्यांचा पोंक इतका गोड होता की मी म्हटलं, बस, हेच दाखवायचं लोकांना. भाभींना विचारलं तर त्या हसून म्हणाल्या, "आवो ने, एमां शुं!" या की, त्यात काय एवढं!

आमचे हे म्हणाले, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला निघालीस."

निघाले तर निघाले. पण आमच्या घराण्याला एक खोड आहे, कागदाची. आजेसासरे संस्थानच्या दप्तरात, सासरेही त्याच दप्तरात. आमच्याकडे दिवाळीच्या फराळाचीसुद्धा यादी करून खाली तारीख घालतात. तेव्हा भागीदारी म्हटल्यावर कागद आलाच. मी चांगला तीन पानी करारनामा केला, गुजरातीत, माझ्या वळणदार अक्षरात. पाहुणे मी आणायचे, शेत त्यांनी दाखवायचं, भट्टी त्यांची, शेव माझी. आणि एक कलम मला फार आवडलं म्हणून मी त्याखाली रेघही ओढली: शेतातलं जे उत्तम, ते पाहुण्यांचं. भाईंनी चहा पिता पिता न वाचता सही केली. भाभींनी अंगठा न देता सावकाश एकेक अक्षर काढून नाव लिहिलं. मला केवढं कौतुक वाटलं त्याचं!

पेरणीच्या वेळी मीच म्हटलं होतं, यंदा जास्त पेरा, लोक पुष्कळ येतील. त्यांनी घरात होतं नव्हतं तेवढं बी पेरलं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. किंवा भाई बोलले असतील आणि मी ऐकलं नसेल. सांगता येत नाही.

थंडीतले रविवार छान गेले. पाणीगेटजवळून बस भरायची, लोक शेतात उतरले की लहान पोरांसारखे धावायचे. भाभी खड्ड्यातल्या निखाऱ्यात कणसं ठेवायच्या, मग कापडाच्या पिशवीत घालून काठीनं बडवायच्या, आणि हिरवा दाणा ताटात पडायचा. "लो ने, हजी लो," घ्या ना, अजून घ्या, असं प्रत्येकाला म्हणायच्या. एकानं नको म्हटलं तर त्यांचा चेहरा उतरायचा.

शेवटच्या रविवारी घोळ झाला. एक बस ठरली होती, आल्या दोन. माझ्या जुन्या बँकेतली मंडळी न सांगता उगवली. शेतातली कणसं आधीच्या रविवारी संपत आलेली. उरलेली पहिल्या बसनं फस्त केली. माझी शेवही संपली, म्हणून भाई आणखी आणायला डभोईला गेलेले. मी विळा घेतला आणि बांधाच्या कडेनं गेले, तर तिथे एक ओळ उभी. टपोरी, भरलेली कणसं, आणि प्रत्येकाच्या देठाला जुन्या साडीची लाल चिंधी बांधलेली.

मला वाटलं, बघा, भाभींनी उत्तम ते राखून ठेवलंय! आमच्याकडे राखून ठेवलेली वस्तू पाहुण्यांचीच असते. डब्यातला चांगला लाडू घरच्यांनी खायचा नाही, ही आमची रीत. भाभी भट्टीपाशी उभ्या राहून बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मी सपासप ओळ कापली.

टोपली त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग खाली बसून एकेक चिंधी सोडली, घडी केली, कमरेला खोचली आणि कणसं निखाऱ्यात ठेवली. मी मनात म्हटलं, काय काटकसरी बाई आहे!

पाहुणे म्हणाले, आजचा पोंक सगळ्यात गोड.

भाई परत आले. बायकोच्या कमरेची लाल चिंधी पाहून जागच्या जागी थांबले. "बी?" एवढंच त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "चालशे." चालेल. मी जवळच उभी होते, म्हणून ऐकलं. पण बोध झाला नाही.

झाला तो आठवड्यानंतर, भाई तूर घेऊन आले तेव्हा. मी खोदून खोदून विचारलं. ते बिचारे पायऱ्यांकडे बघत बोलले. ती ओळ बियाण्याची. ते बी तिच्या माहेरचं. माहेरची जमीन कारखान्याला गेली, भाऊ सुरतेला, आता ते बी दुसऱ्या कुठे नाही. घरातलं होतं ते सगळं यंदा पेरलेलं.

मी पाहुण्यांच्या घरोघरी गेले. काहींनी त्या ओळीतली न भाजलेली कणसं घरी नेली होती. एका बाईनं एक कणीस शोकेसमध्ये फुलदाणीत लावलं होतं, तिच्याशी मी जवळजवळ भांडलेच. पाच कणसं मिळाली. ती पदरात बांधून बसनं डभोईला गेले. भाभींनी एक दाणा चिमटीत चोळला. साल निघाली, आत काहीच नव्हतं.

"बेन, दूध सुकाई गयुं," त्या म्हणाल्या. कोवळं कापलं की दाण्यातलं दूध सुकतं, ते उगवत नाही. हे शाळेतल्या मुलालाही कळावं. मला कळलं नव्हतं.

मग माझा तोल गेला. क्षमा मागायला गेलेली मी, उलट त्यांच्यावरच ओरडले. "अहो, पण बोलायचं ना! माझा हात धरायचा! शिव्या घालायच्या!"

त्या उठून आत गेल्या आणि माझा करारनामा घेऊन आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नीट ठेवलेला. मी रेघ ओढलेल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "तमे ज लख्युं छे ने." तुम्हीच लिहिलंय ना. उत्तम ते पाहुण्यांचं. त्यांना वाटलं होतं, मी माझ्या हक्काचं न्यायला आले. सही केल्यावर नाही कसं म्हणायचं? त्यात दारात पाहुणे बसलेले.

मी विचारलं, "आणि कागद नसता तर अडवलं असतं?"

त्यांनी कागद परत पिशवीत घातला आणि म्हणाल्या, "खबर नथी." ठाऊक नाही.

आता याचं मी काय करायचं? कागदाचा दोष म्हणावा तर पाहुणचार आडवा येतो, पाहुणचाराचा म्हणावा तर माझा विळा. मी भागीदारी मोडायला तयार होते. भाई नको म्हणाले. बसच्या लोकांमुळे त्यांची भाजी, तूर, गूळ दारातच खपायला लागलं होतं, सुनेनं लोणच्याचं काम काढलं होतं. ते सगळं खरंच चांगलं झालं होतं. हेच मला झेपत नाही. वाईट झालं असतं तर निदान रडून मोकळी झाले असते.

पुढल्या थंडीत त्यांनी बाजारातलं बी पेरलं. कणसं मोठी, एकसारखी आली. पोंक बरा होता. बराच म्हणायचा, गोड नव्हे. मी चवीला तोंडात टाकला आणि पुढचा घास घेतला नाही.

त्या रविवारी एक तरुण जोडपं आलं होतं. मुलीनं ताट पुढे करत मला विचारलं, "मावशी, हेच का ते यांच्या माहेरचं जुनं बी? गेल्या वर्षी यांनीच माझ्या आईला सांगितलं होतं, मुद्दाम त्यासाठी आलो."

मी भाभींकडे पाहिलं. त्यांना मराठी थोडं समजायचं. माहेर हा शब्द तर नक्कीच समजायचा.

त्यांनी पिशवीवर काठी मारायची थांबवली, मुलीच्या ताटात आणखी एक मूठ वाढली आणि हसून म्हणाल्या, "हा बेटा, मारा पियरनुं छे." हो बाळा, माझ्या माहेरचंच आहे.

आणि मी, तिची भागीदार, समोर उभी राहून गप्प बसले.